वेळासची वाट

महाबळेश्वरच्या आर्थर सीटवर उभे राहिले की पायाखाली सावित्रीचे खोरे उघडते. क्षेत्र महाबळेश्वरी ज्या पाच नद्यांचे उगम मानले जातात, त्यांतल्या कृष्णा, कोयना आणि वेण्णा देशाची वाट धरतात. सावित्री मात्र कडा उतरून कोकणात येते आणि पोलादपूर, महाड, दासगाव, म्हाप्रळ करत बाणकोटपाशी समुद्राला मिळते. मुखाच्या उत्तरेला हरिहरेश्वर, दक्षिणेला बाणकोटचा हिंमतगड. गडाला वळसा घालून थोडे पुढे गेले की सुरूच्या बनाआड वेळास गाव लागते. वेळास रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यात आहे.

आज महाबळेश्वरला जाणारा पर्यटक वाईवरून किंवा पोलादपूरवरून घाट चढतो. या थंड हवेच्या ठिकाणाची जुनी वाट बाणकोटच्या खाडीतून जात होती, हे त्याच्या ध्यानीमनीही नसते. सर जॉन माल्कमने १८२८ च्या सुमारास महाबळेश्वर वसवायला घेतले तेव्हा मुंबईहून तिथे पोहोचण्याची सोयीची वाट समुद्राचीच होती. मुंबईला गलबतात बसायचे आणि बाणकोटला यायचे. तिथून लहान होडीत बसून भरतीच्या पाण्यावर खाडीतून वर दासगाव किंवा महाड गाठायचे, आणि मग पालखीतून किंवा घोड्यावरून पार घाट चढायचा. हौसेने निसर्ग पाहायला निघालेल्या साहेबांचा प्रवास कोकणच्या खलाश्यांच्या वल्ह्यांवर आणि भोयांच्या खांद्यांवर व्हायचा. कोकण तेव्हा मुक्कामाची जागा नव्हती, पलीकडे जाण्याचा उंबरठा होता.

बाणकोट इंग्रजांच्या हाती आले होते त्याच्याही बरेच आधी. १७५५ साली कमोडोर जेम्सने आंग्र्यांचा सुवर्णदुर्ग घेतला, पाठोपाठ बाणकोटचा किल्लाही पडला आणि इंग्रजांनी त्याचे नाव फोर्ट व्हिक्टोरिया ठेवले. पश्चिम किनाऱ्यावर मुख्य भूमीवरचे ईस्ट इंडिया कंपनीचे हे अगदी सुरुवातीचे ठाणे. पुढे या मुलखात अधिकारी आले, त्यांचे संसार आले आणि थडगीही आली. बाणकोटला आर्थर मॅलेट या अधिकाऱ्याच्या पत्नीची आणि तान्ह्या मुलीची कबर आहे. दोघी या खाडीतच बुडाल्या. महाबळेश्वरचे आर्थर सीट याच मॅलेटच्या नावाचे. ज्या नदीने बायको आणि मूल नेले तिच्या उगमाकडे बघत तो तिथे तासन्‌तास बसून राहायचा, असे या भागात सांगतात. कथेत लोकांनी घातलेली भर किती, हे ठरवणे अवघड. पण नदीची दोन्ही टोके तिने एका माणसाच्या दुःखात बांधली, म्हणून ती टिकून राहिली असावी.

इंग्रजांच्या आधीही या किनाऱ्याला लोक येत, ते देवासाठी. हरिहरेश्वर हे पेशव्यांचे कुलदैवत. ओहोटीची वेळ साधून समुद्राकाठच्या खडकांवरून प्रदक्षिणा घालायची, लाटा अंगावर घ्यायच्या, हा तिथला रिवाज आजही आहे. साहसी प्रवास हा शब्द तेव्हा नव्हता, पण भरतीचे गणित चुकले तर जीव जाईल हे प्रदक्षिणेला निघालेल्या म्हातारीलाही ठाऊक असे. वेळास गाव भानूंचे, म्हणजे नाना फडणवीसांच्या घराण्याचे. श्रीवर्धनच्या बाळाजी विश्वनाथ भटांनी सिद्दीच्या जाचाला कंटाळून देश गाठला तेव्हा वेळासचे भानूही त्यांच्याबरोबर होते. एक पेशवा झाला, दुसऱ्याच्या घरात फडणिशी आली. शिकलीसवरलेली, धडाडीची माणसे बाहेर जायची आणि गाव मागे राहायचे, ही कोकणची रीत तेव्हापासूनची.

पुढे ती अधिकच पक्की झाली. एकोणिसाव्या शतकात मुंबईत गिरण्या उभ्या राहिल्या, गोदी वाढली, आणि कोकणच्या प्रत्येक वाडीतून माणूस बाहेर पडला. त्याला चाकरमानी म्हणू लागले. त्याच्या जाण्यायेण्यासाठी आगबोटी आल्या. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत त्या खाली जात. बहुतेक बंदरांत आगबोट धक्क्याला लागत नसे. ती समुद्रात उभी राहायची, किनाऱ्यावरून पडाव सुटायचा, आणि वरखाली होणाऱ्या दोन लाकडांमधून माणसे, ट्रंका, फणस, आंब्याच्या पेट्या, रडणारी पोरे खलाशी झेलून घ्यायचे. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट वादळात बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. त्या दिवशी गटारी अमावस्या होती. घरी जाण्याच्या ओढीने लोक पावसाळ्यातही समुद्रावर निघायचे.

मुद्दा असा, की या सगळ्या काळात कोकणात येणारा माणूस बहुधा कोकणातलाच असे. तो गणपतीला यायचा, शिमग्याला यायचा, मे महिन्यात पोरांना घेऊन यायचा. पाहुणा म्हणजे नातलग किंवा नातलगाच्या ओळखीचा. त्याच्याकडून जेवणाचे पैसे घ्यायचे ही कल्पनाच घराला मानवणारी नव्हती. मंडणगड तालुक्यात ही स्थिती अधिक काळ टिकली, कारण १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली तीही या तालुक्याला स्पर्श न करता खेडमार्गे गेली. वेळासला एसटी जायची, ती मुक्कामाला थांबायची आणि सकाळी परत निघायची. गावात तरुण कमी, बंद घरे बरीच. आंबा, काजू, सुपारी, थोडे भात आणि मुंबईहून येणारी मनीऑर्डर.

आणि थंडीच्या दिवसांत पुळणीवर येणारी अंडी.

ऑलिव्ह रिडले जातीची सागरी कासवे महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात अंडी घालायला येतात. ओडिशात गहिरमाथा आणि ऋषिकुल्येच्या किनाऱ्यावर ती लाखांच्या झुंडीने येतात, तसे इथे घडत नाही. इथे एखादी मादी रात्री एकटीच भरतीच्या रेषेच्या वर सरकते, मागच्या पायांनी दीडेक फूट खोल, सुरईच्या आकाराचा खड्डा खणते, त्यात शंभरेक अंडी घालते, वाळू लोटून अंगाने दाबते आणि पहाटेपूर्वी निघून जाते. मागे उरतो तो तिच्या वल्ह्यांसारख्या पायांचा माग. तो माग ओळखणारी नजर किनाऱ्यावरच्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या तयार होती. काठी वाळूत खुपसत जायचे, भुसभुशीत लागले की खणायचे. अंडी घरी खायची, उरली तर विकायची. कोल्हे आणि कुत्रीही तेच करत, पण माणूस एकही अंडे मागे ठेवत नसे.

याच गावांच्या देवळात गाभाऱ्यापुढे दगडी कासव असते. त्याला नमस्कार केल्याशिवाय कोणी आत जात नाही. कूर्मावताराची कथा सगळ्यांना पाठ. तरीही देवळातले कासव आणि पुळणीवरचे कासव यांची सांगड कधी कुणी घातली नव्हती. यात लोकांना दोष देण्यात अर्थ नाही. समुद्र जे देईल ते घ्यायचे हाच किनाऱ्यावरचा न्याय होता, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या अनुसूचींची खबर मंडणगडच्या टोकाला द्यायला कुणी आलेही नव्हते.

२००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेचे कार्यकर्ते किनाऱ्यावर फिरत होते ते वेगळ्याच कामासाठी. भाऊ काटदरे यांनी १९९२ मध्ये सुरू केलेली ही संस्था त्या वेळी पांढऱ्या पोटाच्या समुद्र गरुडाची घरटी मोजत होती. वेळासला त्यांना वाळूवर अंड्यांची टरफले पडलेली दिसली. चौकशी केली तेव्हा कळले की कासवे इथे दर वर्षी येतात आणि अंडी दर वर्षी जातात. गरुडांची मोजणी चालूच राहिली, पण संस्थेने कासवांचेही काम हाती घेतले. पहिल्याच हंगामात पन्नास घरटी राखली गेली आणि २,७३४ पिल्ले समुद्रात सोडली गेली.

हे साधले कसे, ते नीट पाहण्यासारखे आहे. रात्रभर पुळणीवर फिरून माग काढणे शहरातून आलेल्या कार्यकर्त्याच्या आवाक्यातले नव्हते. ते गावातल्याच माणसांना जमणार होते, आणि त्यांतही ज्यांची नजर अंडी शोधण्यात तयार झाली होती त्यांना सर्वांत चांगले. संस्थेने त्यांनाच राखणीला घेतले आणि मानधन दिले. काल घरटे उकरणारा आज त्याच घरट्याचा राखणदार झाला. पुढे या माणसांना ‘कासवमित्र’ हे नाव पडले. त्यांचे कौशल्य तेच राहिले, ते वापरण्याचे कारण तेवढे बदलले.

काम दिसायला साधे आणि करायला नाजूक. माग सापडला की वाळू हाताने उकरायची, अंडी काढायची आणि किनाऱ्यावरच जाळीने कुंपण घातलेल्या जागेत, नैसर्गिक घरट्याच्या मापाचा खड्डा करून पुन्हा पुरायची. हे सगळे अंडी घातल्यानंतर काही तासांतच व्हायला हवे, कारण एकदा गर्भ कवचाच्या आतल्या बाजूला चिकटला की अंडे उलटेसुलटे झाले तर तो मरतो. म्हणून अंडे जसे होते तसेच उचलायचे आणि तसेच ठेवायचे. प्रत्येक घरट्यावर तारखेची पाटी लागते. पिल्ले साधारण पंचेचाळीस ते साठ दिवसांत बाहेर येतात. नर की मादी हे ठरते वाळूच्या उष्णतेवर. वाळू तापलेली असेल तर माद्या जास्त, थंड असेल तर नर जास्त. दिवस भरत आले की घरट्यावर वेताची टोपली पालथी घालतात, म्हणजे रात्री वर आलेली पिल्ले इकडेतिकडे भरकटत नाहीत आणि घारी-कावळ्यांच्याही हाती लागत नाहीत.

पिल्ले थेट पाण्यात टाकत नाहीत. लाटेपासून काही अंतरावर वाळूवर ठेवतात आणि चालू देतात. त्या चालण्यात त्यांना किनाऱ्याची ओळख पटते, असे अभ्यासक मानतात. वयात आलेली मादी बहुधा आपल्या जन्माच्या परिसरातच अंडी घालायला परतते. हजार पिल्लांमधून एखादेच तेवढे जगते असा ढोबळ अंदाज सांगितला जातो. म्हणजे पहिल्या वर्षीच्या २,७३४ पिल्लांच्या हिशेबात दोन-तीन कासवे. या व्यवहारात निकाल हाती यायला माणसाच्या उमेदीची वर्षे जातात, आणि तरीही वेळासच्या माणसांनी रात्री पुळणीवर काढल्या.

अडचण होती ती पैशाची. देणग्यांवर राखणदारांचे मानधन किती वर्षे निघणार? आणि जे अंडी विकायचे त्यांना अंडी न विकण्यातून काही मिळाले नाही तर त्यांनी कुठवर थांबायचे? यातून २००६ मध्ये कासव महोत्सव सुरू झाला. कल्पना थोडक्यात अशी. पिल्ले सुटताना पाहायला लोकांना बोलवायचे, त्यांची राहण्याजेवणाची सोय गावातल्या घरांत करायची, आणि पैसा थेट त्या घरांत जाऊ द्यायचा. गावाने हॉटेल बांधले नाही. आहे ते घर शेणाने सारवले, ओटीवर गाद्या घातल्या, संडास नीट केला, चुलीवर दोन शेर तांदूळ जास्त शिजवला. ज्या घराने कधी पाहुण्याकडून पैसा घेतला नव्हता त्याने आता माणशी दर ठरवला. हा बदल लहान नव्हता. गावातल्या बायकांनी तो पेलला. आमटी-भात, कुळथाचे पिठले, सोलकढी, उकडीचे मोदक हे रोजचे किंवा सणाचे जेवण पैसे देऊन जेवायला पुण्या-मुंबईची माणसे येऊ लागली. मुंबईहून मनीऑर्डर येण्याची वाट पाहणाऱ्या घरात आता मुंबईचा माणूसच पैसे घेऊन येऊ लागला, आणि तो या घराचा कोणीही नव्हता.

पुळणीवरचा कार्यक्रम ठरलेला. सकाळी सातच्या सुमाराला आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला. लोक दोरीच्या अलीकडे उभे राहतात. पिल्लाला हात लावायचा नाही, फ्लॅश मारायचा नाही, समोर जायचे नाही. कासवमित्र जाळीत शिरतो आणि एकेक टोपली उचलतो. कधी टोपलीखाली पन्नास पिल्ले एकमेकांवर चढलेली असतात. कधी एकच असते. आणि पुष्कळदा काहीच नसते, नुसती वाळू. तो पुढची टोपली उचलतो, तिच्याखालीही वाळू. मग तो वळून सांगतो, आज नाही. दोनशे-अडीचशे किलोमीटरवरून आलेली माणसे पाय ओढत परततात, घरी जाऊन चहा पितात आणि संध्याकाळी पुन्हा येतात.

वेळासच्या या व्यवसायाचे मर्म या वाट पाहण्यात आहे. पैसे देऊन आलेल्या माणसाला इथे कशाची हमी मिळत नाही. वेळापत्रक कासवाचे, दिवस वाळूच्या उष्णतेचे. पर्यटनाच्या धंद्यात गिऱ्हाइकाला रिकाम्या हाताने परत पाठवणे म्हणजे नुकसान समजतात. वेळासने ते करून दाखवले आणि तरी लोक येत राहिले. दोन टोपल्यांमधल्या मोकळ्या वेळात ते बाणकोटच्या किल्ल्यावर जातात, गरुडाचे घरटे पाहतात, फेरीबोटीने वेसवीहून बागमांडल्याला उतरून हरिहरेश्वरची प्रदक्षिणा घालतात. रिकाम्या राहिलेल्या सकाळीच गाव जास्त कळते.

याच काळात किनाऱ्यावर दुसऱ्या प्रकारचे पर्यटनही वाढले. सिंधुदुर्ग १९९७ मध्ये देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. मालवणच्या सागरी अभयारण्याची घोषणा १९८७ चीच. आज शिवरायांच्या सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास आणि तारकर्लीला स्नॉर्कलिंग आणि स्कूबा डायव्हिंगसाठी रांगा लागतात, आणि मासे पकडायला होडी घेऊन जाणाऱ्या कित्येक घरांतली मुले आता पर्यटकांना पाण्याखाली नेतात. तेही पोट भरणारे, कष्टाचे काम आहे. पण तिथे गर्दीला वेळेचे बंधन घालणारे कासव नाही. गोव्यात मोरजीला कासवांची राखण वेळासच्या आधी, नव्वदच्या दशकात सुरू झाली. त्याच किनाऱ्यावर पुढे शॅक आले, दिवे आले, रात्रीचे संगीत आले. अंड्यातून निघालेले पिल्लू उजेडाकडे धावते, कारण निसर्गाच्या हिशेबात रात्रीचा सर्वांत उजळ भाग म्हणजे समुद्र. किनाऱ्यावरचा दिवा त्याला उलट्या दिशेला नेतो. वेळासच्या पुळणीवर अजून रात्री अंधार आहे, आणि गावाने आपली जी कमाई जपायला हवी ती हीच.

वेळासचे पाहून आंजर्ले, केळशी, गुहागर, वायंगणी अशा गावांतही संरक्षणाचे काम उभे राहिले. वन विभाग आणि कांदळवन कक्ष त्यात उतरले, आणि जी जबाबदारी एका संस्थेने उचलली होती ती हळूहळू गावांकडे आणि सरकारकडे आली. २०१८ मध्ये राज्य सरकारने एक चांगला निर्णय घेतला. जाळ्यात अडकलेले संरक्षित प्राणी सोडवण्यासाठी जाळे कापावे लागले तर मच्छीमाराला पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई. कासव सोडायचे की जाळे वाचवायचे, हा पेच निदान थोडा हलका झाला. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘कासव’ चित्रपटाला सुवर्णकमळ मिळाले आणि किनाऱ्यावरचे हे काम थिएटरात बसलेल्यांपर्यंतही पोहोचले.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला धडकले. श्रीवर्धन, मंडणगड, दापोली इथल्या नारळी-पोफळीच्या बागा काही तासांत आडव्या झाल्या. टाळेबंदीमुळे त्या वर्षी पाहुणे आधीच बंद झालेले, त्यात ही भर. पोफळीची बाग पुन्हा धरती व्हायला वर्षे लागतात. ज्या घरांच्या बागा गेल्या त्यांना पुढच्या हंगामातल्या पाहुण्यांचा आधार किती मोठा वाटला असेल, हे वेगळे सांगायला नको.

आणखी दोन वर्षांनी कासवांनी स्वतःच्या प्रवासाचा हिशेब द्यायला सुरुवात केली. जानेवारी २०२२ मध्ये वेळासच्या पुळणीवर अंडी घालून परतणाऱ्या एका मादीच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेले यंत्र बसवले गेले. पश्चिम किनाऱ्यावरचा हा पहिलाच प्रयोग, म्हणून तिचे नाव ‘प्रथमा’. त्या हंगामात आणखी चार माद्यांना यंत्रे लागली. पुढच्या वर्षी गुहागरहून निघालेली ‘बागेश्री’ केरळ ओलांडून, श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात शिरली. पश्चिम किनाऱ्याची कासवे वेगळी, पूर्वेची वेगळी ही समजूत डळमळली. २०२५ च्या जानेवारीत तर गुहागरला अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या पायावर धातूची पट्टी सापडली. क्रमांक ०३२३३. ही पट्टी २०२१ मध्ये ओडिशाच्या गहिरमाथ्याला लावलेली होती. साडेतीन हजार किलोमीटरच्या आसपासचा समुद्र कापून ती कोकणात आली होती, आणि तिचा माग पुळणीवर ओळखला गेला तो पहाटे गस्त घालणाऱ्या माणसामुळे.

मे महिना सरत येतो तसे वेळासला घरटी संपतात. पाहुण्यांच्या गाद्या माळ्यावर जातात, ओटीवर आंब्याच्या पेट्या येतात, मुंबईची पोरे सुट्टीला आलेली असतात. कासवमित्र जाळी सोडवून गुंडाळतात, खांब उपटतात, टोपल्या घरी नेतात. पावसाळ्याच्या पहिल्या उधाणात त्या जागेची वाळू सपाट होते, आणि नोव्हेंबर लागला की माग शोधायला पुन्हा कोणीतरी पहाटे पुळणीवर उतरते.